वर्क्सवर्थ : शिशाच्या खाणींचे जुने बाजारगाव एका दिवसात नीट कसे पाहावे

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, डर्बी शहराच्या उत्तरेला वीस-एकवीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत वर्क्सवर्थ नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर किंवा बर्मिंगहॅम परिसरात राहणारी मराठी कुटुंबे, विशेषतः भारतातून आई-वडील आले की, मॅटलॉक बाथ किंवा चॅट्सवर्थला जातात आणि वर्क्सवर्थचा फाटा मागे टाकून पुढे निघून जातात. हे गाव एक पूर्ण दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे, असे माझे ठाम मत आहे. किमान हजार वर्षे येथे जमिनीतून शिसे काढले गेले. पुढे शिसे संपत आले तेव्हा चुनखडक काढला गेला. आणि या दोन्ही व्यवसायांनी गावाचे रस्ते, घरे, कायदे आणि चर्चसुद्धा घडवले.

येथे येणाऱ्याची निराशा होण्याचे कारण बहुधा एकच असते. तो खाण शोधत येतो आणि मोठा दरवाजा, तिकीटखिडकी, डोक्यावर दिव्याची टोपी असे काही त्याला गावात सापडत नाही. वर्क्सवर्थची खाण जमिनीखाली बुजलेली असून तिच्या खुणा दगडावर, न्यायालयात आणि पाण्याच्या प्रवाहात उरलेल्या आहेत. त्यामुळे काय पाहावे याइतकेच ते कोणत्या क्रमाने पाहावे यालाही महत्त्व आहे. पुढे दिलेला क्रम खालून वर, म्हणजे बाजारचौकातून डोंगराकडे, आणि शेवटी डोंगरापलीकडे क्रॉमफर्डला उतरणारा आहे.

दिवस आणि ऋतू कसा निवडावा

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०६ मध्ये या गावाला बाजार भरवण्याची सनद दिली आणि आजही मंगळवारी येथे आठवडी बाजार भरतो. बाजार लहान आहे, त्याच्या भव्यतेची अपेक्षा ठेवू नये. परंतु मंगळवारी चौकात माणसे असतात आणि गाव बोलते असते. रविवारी येण्याचा लाभ वेगळा आहे, कारण डोंगरावरची छोटी खाणरेल्वे हंगामात प्रामुख्याने रविवारीच चालते. मुले बरोबर असतील तर रविवार, नसतील तर मंगळवार, असा साधा निर्णय घ्यावा.

ऋतूच्या दृष्टीने दोन काळ विशेष आहेत. मे महिन्याच्या अखेरच्या बँक हॉलिडेच्या सुमारास येथे ‘वेल ड्रेसिंग’ असते. गावात नळाने पाणी आले त्याची कृतज्ञता म्हणून १८२७ मध्ये सार्वजनिक नळ सजवण्यास सुरुवात झाली आणि ती प्रथा टिकून आहे. लाकडी चौकटीवर मीठ कालवलेल्या ओल्या चिकणमातीचा थर देतात, त्यावर चित्राची रेघ टोचून उमटवतात आणि मग फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया, शेवाळ एकेक करून दाबून बसवतात. आपल्याकडची फुलांची रांगोळी उभी करून ठेवावी, तसे ते दिसते. आणि जवळ जाऊन पाहिले तर पाकळ्या छपरावरच्या कौलांप्रमाणे खालून वर, एकीवर एक चढवून लावलेल्या असतात, जेणेकरून पावसाचे पाणी ओघळून जावे, हे लक्षात येते. चित्रे ताजी असतात तोवरच, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत, पाहावीत. दुसरा काळ सप्टेंबरचा. तेव्हा गावाचा कलामहोत्सव असतो, एरवी बंद असलेल्या घरांत आणि अंगणांत कलाकृती मांडल्या जातात, आणि त्याच महिन्यातील एका रविवारी गावकरी एकमेकांचे हात धरून चर्चभोवती कडे करतात. इंग्लंडमध्ये ही प्रथा फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

नोव्हेंबर ते मार्च या काळात दिवस लहान असतो, जुन्या गाड्या जवळपास बंद असतात आणि डोंगरावर वारा झोंबतो. त्या काळात केवळ गाव पाहून परतावे.

कसे पोहोचावे

डर्बीहून मॅटलॉककडे जाणाऱ्या रेल्वेने डफील्ड स्थानकावर उतरावे. त्याच स्थानकाच्या बाजूच्या फलाटावरून एक्लेसबोर्न व्हॅली रेल्वेची जुनी गाडी सुटते आणि सुमारे अर्ध्या तासात, शेते आणि कुंपणाच्या झाडांमधून, वर्क्सवर्थला आणून सोडते. हा मार्ग १८६७ मध्ये सुरू झाला, प्रवासी वाहतूक १९४७ मध्ये थांबली, दगडाची वाहतूक १९८९ पर्यंत चालली आणि त्यानंतर स्वयंसेवकांनी रूळ साफ करत करत २०११ मध्ये गाडी पुन्हा डफील्डपर्यंत नेली. तिचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि ती रोज चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी त्या तारखेचे वेळापत्रक पाहणे अत्यावश्यक आहे. गाडी नसेल त्या दिवशी डर्बीहून बेल्परमार्गे बस आहे. स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांना या लेखातील शेवटचा टप्पा गैरसोयीचा ठरेल, कारण तो गावात परत येत नाही. शक्य असल्यास मोटार डर्बीत किंवा डफील्डला ठेवून यावे.

पहिला टप्पा : चौक आणि वारसा केंद्र

स्थानकातून चढत आले की उतारावर कललेला बाजारचौक लागतो. येथे फार रेंगाळू नये. सेंट जॉन्स स्ट्रीटवरील वारसा केंद्र आधी पाहावे. खाणकामगारांची अवजारे, खनिजाचे नमुने आणि गावाचे जुने नकाशे येथे आहेत. शिशाचे खनिज म्हणजे गॅलेना. त्याचा नमुना समोर असेल तर थांबून नीट पाहावा : करड्या रंगाचा, ताज्या तुटीवर आरशासारखा चकाकणारा आणि फुटतानासुद्धा चौकोनी तुकड्यांतच फुटणारा हा दगड आहे. हा एकदा डोळ्यांत बसला की पुढे डोंगरावरच्या ढिगाऱ्यांत त्याचे कण ओळखता येतात.

दुसरा टप्पा : सेंट मेरीज चर्च

चौकाच्या खालच्या अंगाला, घरांच्या मागे जवळपास गोलाकार आवारात सेंट मेरीज चर्च उभे आहे. आजची इमारत मुख्यतः तेराव्या शतकापासूनची असली, तरी जागा त्याहून पुष्कळ जुनी आहे. आत गेल्यावर दोन दगड शोधावेत.

पहिला उत्तरेकडील भिंतीत बसवलेला ‘वर्क्सवर्थ स्टोन’. १८२० मध्ये वेदीजवळची फरशी काढताना ही शिळा पालथी सापडली आणि तिच्याखालच्या दगडी पेटीत एक मोठा मानवी सांगाडा होता. शवपेटीचे झाकण असावे अशी ही सुमारे दीड मीटर लांबीची शिळा अँग्लो-सॅक्सन काळातील, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. ख्रिस्ताच्या चरित्रातील प्रसंग दाटीवाटीने कोरलेले आहेत. शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग ओळखू येतो आणि क्रूसावर माणसाऐवजी कोकरू दाखवलेले आहे. शिळा झिजलेली असल्याने समोरून पाहू नये. एका बाजूला सरकून, प्रकाश तिरपा पडेल असे उभे राहावे, म्हणजे आकृत्या उठून येतात.

दुसरा दगड लहान आहे आणि माझ्या मते या गावातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. दक्षिणेकडील बाजूच्या भिंतीत जेमतेम हातभर उंचीची एक मध्ययुगीन आकृती बसवलेली आहे : अंगात आखूड कपडा, एका हातात टिकाव, दुसऱ्या हातात खनिजाची टोपली. स्थानिक लोक या खाणकामगाराला ‘टाऊड मॅन’, म्हणजे ‘जुना माणूस’, म्हणतात. हेच नाव ते आपल्या आधी त्या बिळांत खपून गेलेल्या सगळ्या जुन्या खाणकामगारांनाही देत. मूळचे हे शिल्प जवळच्या बॉन्सल गावचे. एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी ते येथे आले. चर्चमध्ये उमराव आणि जमीनदार यांच्या संगमरवरी कबरी असतात, तशा येथेही गेल घराण्याच्या आहेत. पण मातीत राबणाऱ्या माणसाला कोणीतरी इतक्या पूर्वी दगडात कोरून ठेवले, हे क्वचितच पाहायला मिळते. चर्चमध्ये प्रार्थना सुरू असेल तर बाहेर थांबावे, आणि निघताना दानपेटीत काही टाकावे, कारण प्रवेशाचे शुल्क नाही.

तिसरा टप्पा : मूट हॉल आणि शिशाचा कायदा

चॅपल लेनवर १८१४ मध्ये बांधलेली मूट हॉल ही साधी दगडी इमारत आहे. ती एरवी बंद असते आणि त्यामुळे बहुतेक लोक तिच्यापुढून तसेच निघून जातात. तसे करू नये. तिच्या दर्शनी भिंतीवर बसवलेल्या कोरीव दगडी फलकांवर खाणकामाची अवजारे आणि मापाची साधने दिसतात. ती पाहत असतानाच येथील कायदा समजून घ्यावा, कारण पुढे डोंगरावर जे दिसणार आहे त्याचा अर्थ याच कायद्यात आहे.

इ. स. ८३५ च्या एका दानपत्रात रेप्टनच्या मठाधिपती स्त्रीने वर्क्सवर्थची जमीन देताना, दरवर्षी ३०० शिलिंग किमतीचे शिसे कँटरबरीच्या चर्चला द्यावे, अशी अट घातली होती. १०८६ मध्ये राजाने करवलेल्या देशव्यापी मोजणीत येथे शिशाचे तीन कारखाने नोंदले आहेत. १२८८ मध्ये पहिल्या एडवर्डच्या काळात अॅशबोर्न येथे चौकशी होऊन खाणकामगारांचे पूर्वापार हक्क लेखी नोंदले गेले. त्यानुसार राजाच्या क्षेत्रात कोणताही माणूस, तो कितीही गरीब असो, दुसऱ्याच्या शेतात शिसे शोधू शकत असे. वगळलेली ठिकाणे म्हणजे चर्चचे आवार, बाग, फळबाग आणि राजरस्ता. खनिज सापडले की बारमास्टर या अधिकाऱ्याला एक मापभर खनिज द्यायचे, आणि ती खाण शोधणाऱ्याची होई. तिची लांबी ‘मीर’ या मापाने मोजत. वर्क्सवर्थच्या हद्दीत एक मीर म्हणजे २९ यार्ड. जमिनीच्या मालकाला त्याला हाकलता येत नसे.

हक्काबरोबर अटही होती. खाण चालू ठेवलीच पाहिजे. खाणीच्या तोंडावर लाकडी रहाट उभा असे आणि तोच मालकीचा पुरावा. काम बंद दिसले की बारमास्टर येऊन त्या लाकडावर एक खाच पाडी. ठरावीक अंतराने अशा तीन खाचा पडल्या आणि तरीही कोणी कामाला आला नाही, तर खाण दुसऱ्याला देता येत असे. चोरीचा दंड तर अंगावर काटा आणणारा होता : तिसऱ्यांदा खनिज चोरणाऱ्याचा तळहात सुरीने त्याच रहाटाला खिळावा, आणि त्याने स्वतःची सुटका कशी करायची ती करावी, असे जुन्या नियमांत सांगितले आहे.

हे सर्व तंटे ज्या न्यायालयात चालत, ते बारमोट न्यायालय आजही अस्तित्वात आहे आणि वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, याच मूट हॉलमध्ये भरते. ज्यूरीसाठी मातीच्या चिलमी, तंबाखू, पाव आणि चीज ठेवण्याची रीत चालत आली आहे. खनिज मोजण्याचे आठव्या हेन्रीच्या काळातील, १५१३ सालचे म्हणून ओळखले जाणारे काशाचे लांबट भांडे येथेच जपलेले आहे. त्यात सुमारे १४ पाइंट खनिज मावते. एप्रिलमध्ये येणे जमत असेल तर त्या दिवसाची चौकशी आधी वारसा केंद्रात करावी.

चौथा टप्पा : ग्रीनहिल, पझल गार्डन्स आणि दगडखाणीचा खड्डा

चौकातून ग्रीनहिल या चढावर निघावे आणि तिच्या व डेल या रस्त्याच्या मधल्या उतारावर शिरावे. या भागाला पझल गार्डन्स म्हणतात. खाणकामगारांनी आणि दगडफोड्यांनी जिथे सपाटी मिळाली तिथे घर उभे केले, त्यामुळे एकाचे अंगण दुसऱ्याच्या छपराच्या पातळीवर येते आणि मधून माणूसभर रुंदीच्या, जिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटा वळत जातात. येथे नकाशा बंद करून चालावे. चढत राहिले की वर आणि उतरत राहिले की चौकात, यापलीकडे चुकण्याची भीती नाही. मात्र ही राहती घरे आहेत. खिडक्यांतून डोकावू नये, फाटकांच्या आत शिरू नये आणि आवाज बेताने ठेवावा.

याच घरांच्या माथ्यावर डेल दगडखाणीचा प्रचंड खड्डा आहे. विसाव्या शतकात येथे सुरुंग आणि दगड फोडण्याची यंत्रे घरांच्या इतकी जवळ आली, की पांढऱ्या धुळीने गाव भरून गेले, लोक घरे सोडून गेले आणि जुन्या इमारती कोसळू लागल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गावांच्या जतनासाठी काम करणाऱ्या सिव्हिक ट्रस्ट या संस्थेच्या पुढाकाराने पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. पडीक घरे एकेक करून दुरुस्त झाली, आणि १९८३ मध्ये गावाला वारसा जतनासाठीचा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला. आज नीटनेटकी दिसणारी ग्रीनहिलवरची घरे पाहताना हा इतिहास माहीत असावा. खड्ड्याच्या कडेला कुंपण ओलांडून जाऊ नये.

ग्रीनहिलच्या वर स्टोनी वूड ही पूर्वीच्या दगडखाणीवर गावाने वाढवलेली वनराई आहे. तेथे २०११ मध्ये तयार झालेला ‘स्टारडिस्क’ आहे : १२ मीटर व्यासाच्या काळ्या दगडाच्या वर्तुळावर उत्तर गोलार्धाचे तारांगण कोरलेले आहे. डबा खाण्यासाठी याहून चांगली जागा गावात नाही, कारण सगळी छपरे आणि चर्चचा मनोरा खाली दिसतात.

पाचवा टप्पा : स्टोन सेंटर ते ब्लॅक रॉक्स

येथून उत्तरेला नॅशनल स्टोन सेंटर आहे. सहा जुन्या दगडखाणींच्या या जागेत सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उष्ण समुद्राचा तळ उघडा पडलेला आहे, आणि पायवाटेवरच्या खडकात शिंपले व समुद्री लिलींचे देठ स्पष्ट दिसतात. ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागांतील गवंड्यांनी आपापल्या पद्धतीने बांधलेली, चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंतही येथे आहे. ज्येष्ठांना एवढा चढ जमणार नसेल तर वर्क्सवर्थ स्थानकावरून रेव्हनस्टोरला जाणारी गाडी त्यांना थेट या परिसराच्या पायथ्याशी आणते. त्या मार्गाला २७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, जो प्रवासी गाडीसाठी फार तीव्र समजला जातो.

स्टोन सेंटरला लागूनच हाय पीक ट्रेल ही वाट जाते. ही १८३० च्या सुमारास सुरू झालेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेची जुनी वाट आहे. पूर्वेकडे, म्हणजे क्रॉमफर्डच्या दिशेने चालावे. वाटेत स्टीपल ग्रेंज लाइट रेल्वे लागते. जेमतेम १८ इंच रुंदीच्या रुळांवर, खाणींत वापरलेल्या इंजिनांनी ओढलेली ही गाडी मुलांना फार आवडते.

पुढे ब्लॅक रॉक्स हे काळसर वालुकाश्माचे उंच सुळके येतात. चढून दृश्य पाहणे सर्वजण करतात; त्याआधी सुळक्यांच्या पायथ्याचा, विरळ गवताचा फिकट ढिगारा पाहावा. तो क्रॉमफर्ड मूर या शिशाच्या खाणीतून निघालेला टाकाऊ दगड आहे. शिशामुळे तेथे सामान्य झाडे वाढत नाहीत, पण मे ते जुलैमध्ये पाच पाकळ्यांच्या बारीक पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांची एक बुटकी वनस्पती तेथे पसरते. लोक तिला ‘लेडवर्ट’ म्हणतात. जिथे ती दिसेल तिथे जमिनीत शिसे आहे असे समजावे. याच डोंगरावरच्या बोलहिल वस्तीजवळील बेज खाणीतून मॅटलॉकाइट आणि फॉस्जेनाइट ही दुर्मीळ शिसेयुक्त खनिजे प्रथम ओळखली गेली.

येथे काही पथ्ये पाळावीत. ढिगाऱ्यावर लहान मुलांना माती खेळू देऊ नये आणि काहीही खाण्याआधी हात धुवावेत. रानात दगडी किंवा काँक्रीटची टोपी घातलेले, तसेच काटेरी झुडपांनी झाकलेले जुने खाणकूप आहेत. त्यांवर उभे राहू नये, वाट सोडून जाऊ नये, आणि उघड्या बोगद्यात मोबाइलच्या उजेडावर तर कधीच शिरू नये. जमिनीखाली जाण्याची इच्छा असेल तर मॅटलॉक बाथ येथील खाण संग्रहालयाकडे चौकशी करून, वाटाड्याबरोबरच जावे.

सहावा टप्पा : पाण्यामागून क्रॉमफर्डला

ब्लॅक रॉक्सपासून ट्रेल शीप पाश्चर या तीव्र उतारावरून खाली उतरते. या उतारावर डबे दोरखंडाने वरखाली केले जात. सुटलेला डबा अडवण्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात एका मोडक्या डब्याचे अवशेष अजून दिसतात. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी जरूर घ्यावी. खाली कालवा लागतो आणि त्याच्या काठाने सपाट वाटेने रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाच्या क्रॉमफर्ड मिल या सूतगिरणीपर्यंत जाता येते. गावापासून येथपर्यंतचे एकूण चालणे सहा-सात किलोमीटर होते.

येथवर खाणीच्या मागोमाग येण्याचे कारण असे. खोल खाणींत पाणी साचू लागले की ते काढून देण्यासाठी डोंगराच्या पोटातून लांबच लांब बोगदे खणत. त्यांना ‘सफ’ म्हणतात. क्रॉमफर्ड सफमधून वाहून येणारे पाणी जमिनीखालचे असल्याने हिवाळ्यातही गोठत नसे. १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारण्यासाठी जागा शोधणाऱ्या आर्कराइटने हे पाणी आणि बॉन्सलचा ओढा यांच्या भरवशावर क्रॉमफर्ड निवडले. पुढे १७७२ पासून खणलेल्या मीरब्रूक सफने खाणींचे पाणी आणखी खालच्या पातळीवरून काढून नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गिरणीचा प्रवाह आटला. ज्या यंत्रपद्धतीने पुढे भारतातील हातसूत आणि हातमाग यांचे कंबरडे मोडले, तिची पहिली चाके शिशाच्या खाणीतून सुटलेल्या पाण्यावर फिरली होती. मराठी वाचकाने ही गिरणी नुसते जागतिक वारसा स्थळ म्हणून पाहू नये. आवारात ज्या दगडी पाटांतून पाणी चाकाकडे येई ते शोधून पाहावेत, आणि ते पाणी कोठून आले हे बरोबरच्या मुलांना दाखवावे.

गिरणीच्या आवारात चहा-खाण्याची सोय आहे. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण दुपारी उशिरा स्वयंपाकघर बंद होण्याचा संभव धरून जवळ काही ठेवावे. गिरणीपासून डरवेंट नदीवरचा पूल ओलांडला की चालत काही मिनिटांत क्रॉमफर्ड रेल्वे स्थानक येते. तेथून थेट डर्बीची गाडी मिळते. ती साधारण तासाला एकच असल्याने तिची वेळ सकाळीच टिपून ठेवावी आणि गिरणीतून किमान वीस मिनिटे आधी निघावे.